पस्तीस हजारांत टू बीएचके

प्रश्न: मी नाशिकला चार वर्षं स्वतंत्रपणे इंटिरियर डिझायनिंग करते. टू बीएचकेचं पूर्ण डिझाइन आणि साइटवरची देखरेख याचे ३५ हजार घेते. मटेरियल आणि लेबरचे पैसे पार्टी, म्हणजे क्लायंट, परस्पर देते. कामं भरपूर आहेत, आत्ताही तीन साइट चालू आहेत, पण वर्षाअखेर हातात काही राहत नाही. फी वाढवायची तर तोंडातून आकडा निघत नाही. सांगितलाच, तर समोरचा काही बोलायच्या आत मीच कमी करते. ओळखीची कामं तर विचारूच नका. काय करू?

उत्तर:

"समोरचा काही बोलायच्या आत मीच कमी करते" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. म्हणजे क्लायंट घासाघीस करतच नाहीये, त्याच्या वतीने ती तुम्हीच करताय. त्याकडे येतेच, पण आधी हिशेब. तो हातात नसेल तर कुणी कितीही धीर दिला तरी आकडा सांगताना आवाज बसणारच.

कागद घ्या. घरी दरमहा किती न्यायचेत? हप्ता, शाळा, किराणा धरून पन्नास हजार म्हणू, वर्षाचे सहा लाख. धंद्याचा खर्च वेगळा मांडा. कुणाच्या तरी ऑफिसातली टेबलापुरती जागा ८ हजार, पेट्रोल आणि गाडी साडेचार, फोन-इंटरनेट दीड, सॉफ्टवेअर तीन, प्रिंट आणि सॅम्पल एक, सीएची फी आणि व्यवसाय कर मिळून एक, आणि लॅपटॉप कधीतरी बदलावा लागणार म्हणून बाजूला दोन. झाले महिना २१ हजार, वर्षाला २ लाख ५२ हजार. नोकरीत असता तर पीएफ, ग्रॅच्युइटी, पगारी रजा मिळाल्या असत्या. ते सगळं आता तुमचं तुम्हाला बघायचंय, शिवाय एखादा महिना कोरडा जातो, म्हणून आणखी २ लाख. बेरीज १० लाख ५२ हजार.

आता तास. रविवार, सणवार, आजारपण, मुलांच्या परीक्षा आणि पितृपक्षात नवं काम सुरू करायला कुणी तयार नसतं ते दिवस, हे सगळं वजा केलं की वर्षाला २७५ दिवस हातात येतात. त्यातही ज्याचं बिल लावता येईल असे तास दिवसाला चारच. बाकीचा वेळ चौकशीचे फोन, न झालेल्या कामांची कोटेशनं आणि वसुलीत जातो. म्हणजे वर्षाचे ११०० तास. भागाकार केला की तासाचे ९५६ रुपये येतात.

मग एका टू बीएचकेला किती तास जातात ते लिहा. मी तुमच्या जागी बसून अंदाज करते: मोजमाप ६, लेआउट आणि त्याचे पर्याय २०, बैठका १५, थ्रीडी चित्रं ३०, कारागिरांसाठी मापांसह वर्किंग ड्रॉइंग ३०, क्लायंटसोबत प्लाय, लॅमिनेट, टाइल्सची दुकानं पालथी घालण्यात १६, आणि साइटच्या तीसेक फेऱ्या, जाण्यायेण्यासह दोन-दोन तास धरून ६०. एकूण १७७. तुमचे ३५ हजार त्यावर पसरले की तासाला १९८ रुपये पडतात. आणि वरच्या हिशेबात नुसता धंद्याचा खर्चच तासाला २२९ आहे! म्हणजे घरी एक रुपया न नेता वर तासाला तीसेक रुपयांची पदरमोड. कामं भरपूर असूनही काही उरत नाही, यात नवल कसलं? बिलाचे सगळे तास भरले तरी हा खड्डा बुजत नाही. तुमचे आकडे माझ्या अंदाजापेक्षा वेगळे असतील, पण आज रात्री ते काढाच. आणि वाटलं तर उद्या साइटवरच्या सुताराला त्याची हजेरी विचारून शेजारी लिहा.

याच हिशेबाने टू बीएचकेची फी १ लाख ६९ हजार येते. उद्या पाथर्डी फाट्यावरच्या पार्टीला जाऊन हा आकडा सांगा, असं मी म्हणणार नाही. कुणी देणार नाही. द्यावेत असंही मला वाटत नाही, कारण १७७ तासांतले बरेचसे क्लायंटने मागितलेलेच नाहीत.

फी कमी घेणाऱ्या माणसाची ही हमखास खूण असते. आपण कमी घेतोय हे आतून माहीत असतं, तरी जे घेतलेत त्याची भरपाई करायला म्हणून तो राबत सुटतो. दोन पर्याय मागितले तर सहा देतो. हॉल आणि मास्टर बेडरूमचा थ्रीडी पुरेसा असताना युटिलिटीचाही करून देतो. सुताराने "मॅडम, जरा येऊन जा" म्हटलं की पळतो, आणि सुतार बोलावतो कशाला, तर ड्रॉवरच्या चॅनेलची जागा, शटरचं माप, हँडलची उंची ड्रॉइंगमध्ये दिलेलीच नसते. घाईत काढलेलं ड्रॉइंग साइटवर तुमचे दुप्पट तास खातं. तेव्हा ड्रॉइंगचे तास कमी करू नका, उलट ३२ करा. पर्याय दोनच, म्हणजे १४ तास. बैठका १०. थ्रीडी दोन खोल्यांचा, १२. दुकानं ठरलेली, आधी फोन करून सॅम्पल काढून ठेवलेली, ८. फेऱ्या १६, वार ठरवून, ३२ तास. मोजमाप तेच ६. बेरीज ११४ तास, फी जवळपास १ लाख ९ हजार. १ लाख १० हजार म्हणा. हा आकडा गंगापूर रोडला आजही कुणाला फार धक्का देणार नाही, आणि बाकीच्या नाशकातही समजावून सांगता येईल असा आहे.

३५ चे ४० मात्र करू नका. पाच हजारांनी क्लायंटचा वर्ग बदलत नाही, तुमचा दिवस बदलत नाही, आणि ती नकोशी चर्चा तेवढीच करावी लागते. एक लाख दहा एकदम जमत नसतील तर पुढच्या नव्या चौकशीला ८० सांगा आणि गुढीपाडव्यापासून पूर्ण. "पाडव्यापासून दर बदललेत" हे आपल्याकडे कुणालाही पटतं, त्याला कारण द्यावं लागत नाही.

आता ज्याबद्दल आमच्या धंद्यात कुणी उघड बोलत नाही, ते. तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून तुम्ही ते करत नाही असं धरून चालते. डिझायनरने फी कमी घेतली म्हणून क्लायंट स्वस्तात सुटला, असं फार क्वचित होतं. उरलेले पैसे कुणीतरी भरतोच. तुमच्यासारखा सरळ माणूस ते स्वतःच्या घरातून भरतो. दुसरा प्लायवाल्याकडून, हार्डवेअरवाल्याकडून, टाइल्सच्या शोरूममधून कट घेतो. समजा आठ लाखांच्या मटेरियलवर सरासरी आठ टक्के सुटले, तर ते झाले ६४ हजार, आणि ते दुकानदाराने खिशातून दिलेले नसतात, क्लायंटच्या बिलात आधीच मिळवलेले असतात. मग डिझायनर महागडा लॅमिनेट सुचवतो तेव्हा तो घरासाठी सुचवतोय की कटासाठी, हे त्याचं त्यालाही नीट सांगता येत नाही. वर ३५ हजार फी सांगून तो बाजारात "स्वस्त" म्हणून मिरवतो, आणि तुम्ही त्याच्याशी बरोबरी करायला जाता. त्याचे ३५ आणि तुमचे ३५ हे एकच नाहीत.

मी वीस-बावीस वर्षं पुण्यात हे काम करतेय. पहिल्याच बैठकीत मी सांगते: "मी कुठल्याही दुकानाकडून कमिशन घेत नाही. ट्रेड डिस्काउंट मिळेल तो बिलात तुमच्या नावावर लागेल. म्हणून माझी फी ही एवढी आहे." यातला शेवटचा "म्हणून" फार उपयोगाचा आहे. कोथरूडच्या एखाद्या निवृत्त बँक मॅनेजरला टक्केवारी कशी फिरते हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तो लगेच मान डोलावतो. सुचवलेलं दुकान नको असेल तर दुसरीकडून घ्या, हेही मी सांगते, आणि काही लोक खरंच घेतात.

मॉड्युलर फर्निचरवाल्या कंपन्या "डिझाइन फुकट" देतात, त्याचाही धसका घेऊ नका. डिझाइन करणाऱ्या मुलामुलींना तिथे पगार मिळतो, आणि तो कॅबिनेटच्या दरातून येतो. हे क्लायंटला टोमणा न मारता सांगा: "तिथे डिझाइनचे पैसे कपाटात धरलेले असतात, माझ्याकडे वेगळे दिसतात." ज्याला एकाच छताखाली सगळं हवंय तो तिकडे जाईल. जाऊ द्या.

आकडा सांगण्याबद्दल. आपल्यासारख्या घरांत तोंडावर पैशाचं बोलणं उद्धटपणाचं, निदान हलकं तरी समजतात. त्यामुळे आपण काय करतो? सगळं गोड बोलून झाल्यावर, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, दारात चप्पल घालताना आकडा सांगतो: "एक लाख दहा… म्हणजे बघू आपण, होईल त्यात कमीजास्त." वाक्याचा दुसरा अर्धा भाग कुणी मागितला होता? किंवा भेटीत टाळतो आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पाठवून फोन उलटा ठेवतो. दोन्ही नको. फीचं बोलणं बैठकीच्या मध्यात, टेबलावर लेआउट किंवा निदान प्लॅन उघडा असताना करा. आधी काय काय देणार ते सांगा: किती ड्रॉइंग, किती थ्रीडी, किती फेऱ्या, किती दिवस. मग आकडा. मग गप्प. समोर नवराबायको एकमेकांकडे बघतील, कुणीतरी पाणी पिईल, आजी आतून डोकावतील. ती शांतता तुमच्यावर रागावलेली नसते, ते मनात बेरीज करत असतात. करू द्या. आणि हा आकडा घरी दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून बघा, अगदी स्वयंपाकघरात. हसू येईल, पण जीभ सरावते.

त्यानंतरचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, शेवटचं किती?" इथे एकच नियम: आकडा कमी करायचा तर काम कमी करायचं. "नव्वदमध्ये बसवायचं असेल तर थ्रीडी काढून टाकू आणि फेऱ्या दहा करू, चालेल?" बहुतेक जण म्हणतात, नको, थ्रीडी हवाच. काही जण खरंच म्हणतात, चालेल, आणि तेही चांगलंच, कारण तेवढे तास तुमचे सुटले. काहीही न काढता नुसते वीस हजार सोडले, तर समोरच्याला एवढंच कळतं की पहिला आकडा खरा नव्हता. मग तो टाइल्सपासून रंगापर्यंत प्रत्येक ठिकाणी तुमच्या शब्दावर ताणून बघणार.

टक्केवारीवर फी घ्यावी का, हा प्रश्न पुढे येईलच. घरांच्या कामाला मी घेत नाही. काम महागलं की तुमची फी वाढते, आणि तुम्ही चांगल्या हेतूने सुचवलेली गोष्टही क्लायंटला संशयास्पद वाटते. ठरावीक रक्कम, टप्प्यांनी. मी साधारण असे टप्पे ठेवते: काम देताना २५ टक्के, लेआउट पक्का झाल्यावर २५, वर्किंग ड्रॉइंग हातात देण्याआधी ३०, काम अर्ध्यावर आल्यावर १५, घर ताब्यात देताना ५. शेवटचा टप्पा मुद्दाम बारीक, कारण तो अडकतोच. वास्तुशांत झाली, पाहुणे येऊन कौतुक करून गेले, की एका दाराच्या बिजागरीच्या आवाजावरून तुमचे पैसे महिनोन्‌महिने थांबतात. ड्रॉइंग देण्याआधीचे ३० टक्के मात्र कधीही सोडू नका. ड्रॉइंग दिलं की तुमच्या हातात काही उरत नाही.

टोकन आल्याशिवाय मोजमाप नाही, थ्रीडी तर नाहीच नाही. "आधी एक व्ह्यू दाखवा, आवडलं तर देऊ" म्हणणाऱ्याला झालेल्या साइट दाखवा. पहिल्या भेटीचे १५०० रुपये घ्या, काम मिळालं तर फीमधून वजा करा. नुसतं फिरायला आलेले लोक यातच गळतात आणि ज्यांचं बिल लागत नाही अशा तुमच्या तासांतले बरेचसे परत मिळतात.

बदलांचं वेगळं. लेआउटवर सही झाली, इलेक्ट्रिशियनने भिंत फोडून पाइप टाकले, बॉक्स बसले, आणि शनिवारी क्लायंटचे मोठे भाऊ येऊन म्हणाले, टीव्ही समोरच्या भिंतीवर हवा. सोफा फिरतो, पडद्याची बाजू बदलते, फॉल्स सीलिंगचा प्रोफाइल बदलतो, तुमची चार ड्रॉइंग बदलतात. अशा वेळी आपण काय म्हणतो? "बघते, करून देते." त्याऐवजी त्याच दिवशी मेसेज करा: "टीव्हीची भिंत बदलण्यासाठी नऊ तासांचं जादा काम आहे, ८,६०० रुपये. इलेक्ट्रिशियनचा खर्च वेगळा. होय म्हणालात की सुरू करते." निम्म्या वेळा टीव्ही आपल्या जागी राहतो. भाऊंचं मत तेवढं तातडीचं नव्हतं, असं निघतं.

हे सगळं कागदावर असायला हवं, दोन पानं पुरतात. इंटिरियर डिझायनरला कायद्याने नेमलेली परिषद नाही, पण आर्किटेक्टना आहे, १९७२ च्या कायद्याने, आणि त्यांच्या १९८९ च्या व्यावसायिक वर्तनाच्या नियमांत कामाच्या अटी आणि फी क्लायंटला सांगून त्यावर संमती घ्यावी असं आहे. शेजारच्या धंद्यात जे कर्तव्य मानतात, ते आपण करताना ओशाळायचं कशाला?

ओळखीच्या कामांचं दुखणं सगळ्यांना आहे. "घरचंच काम आहे, तुला काय सांगायचं" या वाक्याला उत्तर नसतं, म्हणून धोरण आधी ठरवून ठेवावं लागतं. भीड ही भिकेची बहीण, हे आपल्या आज्यांनी उगाच म्हटलेलं नाही. मी दोनच प्रकार ठेवले आहेत. सख्ख्या माणसाचं काम असेल तर पूर्ण फुकट, आहेर म्हणून, आणि तसं सांगून. बाकी सगळ्यांना पूर्ण फी. अर्ध्या फीचं काम सगळ्यात वाईट: तुम्हाला वाटतं आपण उपकार केले, त्यांना वाटतं पैसे मोजलेत, आणि दोघंही दिवाळीला एकमेकांकडे जरा तुटक बोलतात. अगदी सूट द्यावीच लागली तर बिलात पूर्ण फी लिहा आणि खाली सूट वेगळी दाखवा. तोंडी "तुमच्यासाठी ४० फक्त" म्हणालात, की मामेभाऊ त्याच्या ऑफिसात चौघांना सांगणार की आमची ताई ४० मध्ये करते, आणि ते चौघं तुमच्याकडे ४० घेऊनच येणार. तुमची आत्ताची बरीचशी कामं अशीच आलेली असावीत, असा माझा अंदाज आहे. कमी फीच्या क्लायंटची शिफारस कमी फीचाच क्लायंट आणते, त्यामुळे दर वाढवल्यावर ही साखळी काही काळ तुटते. दोन-तीन महिने फोन कमी येतील. मघाशी बाजूला ठेवलेले दोन लाख त्यासाठीसुद्धा आहेत.

कराचं फक्त एवढं. इंटिरियरचा व्यवसाय अंदाजित उत्पन्नाच्या सवलतीत बसतो, जुन्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए. एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात कलमाचा आकडा बदलला, सोय तीच आहे. जमेची निम्मी रक्कम उत्पन्न धरतात, वह्या ठेवाव्या लागत नाहीत. इथेच घात होतो. सरकारला हिशेब द्यायचा नाही म्हणून लोक स्वतःलाही देत नाहीत, आणि खर्च खरोखर निम्म्याहून जास्त होतोय की कमी हे कळतच नाही. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, त्यामुळे ती धास्ती सध्या नको. दवाखाना, दुकान, ऑफिस अशी कामं घेत असाल तर मात्र उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. फुकट आहे. त्या नोंदणीवर व्यावसायिक ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. भांडायची वेळ सहसा येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला दिसला की त्यांचा सीए स्वतःच पैसे सोडायला सांगतो.

आता चालू असलेल्या तीन साइट. त्यांची फी वाढवू नका, शब्द दिलाय तो दिलाय. पण फेऱ्यांचे वार आजपासून ठरवून टाका आणि तिघांनाही कळवा. उरलेल्या कामाची यादी लिहून पाठवा, त्याखाली "यापलीकडचं काम तासाप्रमाणे" अशी एक ओळ घाला. त्यातला एखादा जाता जाता "मुलीच्या खोलीचं कपाटही बघून टाका" म्हणालेला असेलच. त्या कपाटाचं कोटेशन नव्या दराने करा, आणि ते शनिवारच्या आत पाठवा.